आर्डेलने हात वर केला

क्लिओफस ग्रीअरचा आवाज आणि त्याचा राग एकाच घशातून यायचे, ही त्याच्या बहिणीची आयुष्यभराची अडचण होती. जॉर्जियातल्या मेकन गावात, प्लेझंट हिल या काळ्यांच्या वस्तीच्या उतारावर, लोक त्याच्या गाण्याने रडत आणि तो समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जात. आर्डेल त्याची थोरली बहीण. तिला पलीकडे जायची सोय नव्हती. त्यातून गाणं चांगलं झालं की तिची भीती वाढायची, कारण त्याने आजवर जे जे मोडलं होतं, ते गाणं चांगलं रंगल्यावरच मोडलं होतं.

बर्मिंगहॅमला पोस्टरवर नाव बारीक छापलं म्हणून तो पहिलंच गाणं रंगात आलेलं असताना मध्येच निघून गेला. जॅक्सनव्हिलला रेडिओवरच्या माणसाने त्याचं नाव चुकीचं घेतलं, तर यानं त्याच्यापुढचा मायक्रोफोन उपटून घरी आणला. ऑगस्टाला जेवण गार आलं, तेव्हा त्याने कपडे बदलायच्या खोलीत पिस्तूल काढून छताला गोळी घातली.

"छताने तुझं काय घोडं मारलं होतं?" तो घरी आल्यावर आर्डेलने विचारलं होतं.

"काही नाही. खाली माणसं होती म्हणून वर मारली," तो म्हणाला, आणि ताटातला मासा शांतपणे खात राहिला. आर्डेलने मात्र आपलं ताट उचलून ठेवलं.

असा माणूस कुणाचं ऐकायचा नाही म्हणावं, तर एका गोष्टीचं ऐकायचा. त्यांची आई माउंट नेबो चर्चमध्ये दाराशी उभी राहून लोकांना जागेवर बसवायची. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. तिथे बोलायची पद्धत नाही, सगळं हातांनी चालतं. हात पाठीशी असला की या, चला. प्रार्थना सुरू झाली की आई मधल्या वाटेत उभी राहून डावा हात वर करायची, तळवा लोकांकडे. मग कुणी हलायचं नाही. दाराबाहेरचा दाराबाहेर, वाटेतला वाटेत. पाच-सहा वर्षांचा क्लिओफस एकदा त्या हाताखालून पळाला, तर आईने त्याला मागच्या अंगणात नेऊन असा सडकला की त्याचं रडणं आत प्रार्थनेत ऐकू येत होतं. तेव्हापासून वर गेलेला पांढरा हातमोजा दिसला की क्लिओफस जागच्या जागी थिजायचा. आई गेल्यावर तिचे हातमोजे आणि तिची दाराजवळची जागा आर्डेलकडे आली. भाऊ तोपर्यंत नाइटक्लबांत गायला लागला होता, चर्चची मंडळी त्याच्या नावाने नाकं मुरडत होती. पण कधीमधी येऊन शेवटच्या बाकावर बसायचा, आणि आर्डेलचा हात वर गेला की खोकलासुद्धा दाबून धरायचा.

गावातले मोठे जलसे होलिस विंबर्ली भरवायचे. गावात त्यांचा दरारा होता, आणि त्याच विंबर्लींना क्लिओफसने त्यांच्या बायकोदेखत थोबाडीत मारली होती. कारण काय, तर शेवटी गायचा मान त्यांनी दुसऱ्याला दिला. चष्मा फुटून काच भुवईत घुसली. त्यानंतर जॉर्जियातल्या एकाही हॉलने क्लिओफसला दार उघडलं नाही. तो लोकांची घरं रंगवायला लागला. शिडीवर चढून गायचा, आणि ज्यांचं घर तो रंगवत असे ते लोक काम लांबावं म्हणून मुद्दाम रंगाचा दुसरा हात द्यायला सांगायचे. असा तो माणूस, आणि असा त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मला विचाराल तर त्याची कीव करावी की त्याला दोन ठेवून द्याव्यात, हे कधी ठरवता आलं नाही.

मग एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्यात मेम्फिसचा एक रेकॉर्डवाला गोरा मेकनला येणार अशी बातमी आली. त्याने कुठेतरी क्लिओफसची जुनी तबकडी ऐकली होती आणि नाव घेऊन त्यालाच ऐकायचं म्हणत होता. विंबर्ली आर्डेलच्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सिस्टर ग्रीअर, तो माणूस मेम्फिसहून तुमच्या भावासाठी येतोय. माझ्या हॉलमध्ये येतोय म्हणून मी नाही म्हणत नाही. गावाचं नाव होईल. पण एक सांगून ठेवतो."

"सांगा ना."

"मी मधल्या वाटेच्या कडेला पहिल्या खुर्चीवर बसणार. या वेळी तो माझ्या अंगावर आला, तर मी रिकाम्या हाताने बसलेलो नसेन." त्यांनी कोटाच्या उजव्या खिशावर हात थोपटला. भुवईवरचा व्रण अजून गुलाबी होता. "तुम्ही माझ्या समोरच्या बाजूला बसा. त्याला दिसाल अशा. तुमच्याशिवाय त्याला कुणी आवरलेलं मी पाहिलं नाही."

आर्डेलच्या भावाचं आयुष्य एका संध्याकाळवर येऊन टेकलं होतं: गाणं नीट झालं तर मेम्फिस, नाही झालं तर शिडी, आणि त्याहून वाईट झालं तर आईशेजारची कबर. तिने खिशाचं क्लिओफसला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मुद्दाम तोच खिसा बघायला गेला असता.

शनिवारपर्यंत क्लिओफस विचित्रच वागला, म्हणजे चांगला वागला. आर्डेलने केलेलं जेवण मुकाट्याने जेवला, पीचचा गोड पदार्थ वाढला तर थँक्यू म्हणाला. तिला वाटलं आता नक्की काहीतरी होणार.

"काय चाललंय तुझ्या डोक्यात?" तिने विचारलं.

"गाणं चाललंय. अजून काय चालणार?"

"विंबर्ली समोरच बसणार आहेत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि बूट पुसत राहिला. "त्याच्यासाठीच जातोय."

तो हे कसं म्हणाला, ते आर्डेलने नंतर हजारदा आठवून पाहिलं. त्या वेळी मात्र तिने पिस्तुलासाठी त्याचा खण उघडला. ते नव्हतं. गादीखाली नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही.

हॉल खचाखच भरला होता. बायका जेवढं चांगलं होतं तेवढं घालून आल्या होत्या, आणि आर्डेलनेही रीतीप्रमाणे टोपी आणि पांढरे हातमोजे घातले होते. वाटेच्या एका कडेला विंबर्ली, उजवा हात कोटाच्या खिशात. दुसऱ्या कडेला ती. रेकॉर्डवाला मागे भिंतीशी हॅट मांडीवर ठेवून बसला होता. क्लिओफस मंचावर आला तेव्हा तिने चेहऱ्याआधी त्याची कंबर पाहिली. कोटाची बटणं लावलेली होती. आत काय आहे ते कळेना.

पहिली दोन गाणी नाचाची होती, ती त्याने झोकात काढली. तिसरं संथ. कुणाच्यातरी बंद दारापाशी उभा राहिलेला माणूस, आत घ्या म्हणतोय, एवढंच त्यात होतं. पण ते तो असं म्हणत होता की पुढच्या रांगेतली एक म्हातारी, चर्चमध्ये असल्यासारखी, हात हलवून "सांग, बाळा, सांग" म्हणायला लागली. लोक उठून उभे राहिले. आर्डेलला आवाज ऐकूच येत नव्हता; तिला फक्त दिसत होतं की त्याच्या मानेची शीर फुगली आहे. अशी शीर ऑगस्टाला फुगली असणार. बर्मिंगहॅमला फुगली असणार.

मग तो मंचावरून खाली उतरला.

मायक्रोफोन खाली आणायला वायर पुरत नव्हती. त्याने तो तसाच मंचावर ठेवला आणि उघड्या गळ्याने गात मधल्या वाटेने निघाला. बॅण्ड त्याच्यामागे हळू हळू वाजवत होता. लोक बाजूला होत होते. तो कुणाकडे बघत नव्हता, फक्त विंबर्लींकडे बघत होता, आणि चालता चालता त्याचा उजवा हात पुढे यायला लागला. आर्डेलने विंबर्लींकडे पाहिलं. खिशातला हात हलला. कोटाचं कापड आतून ताणलं गेलं.

तिने काही ठरवलं नाही. ती उठून वाटेत उभी राहिली आणि तिचा डावा हात वर गेला, तळवा त्याच्याकडे.

क्लिओफस थिजला. एक पाऊल पुढे टाकलेलं, उजवा हात अर्धा वर, तोंड उघडं, आणि आवाज मध्येच तुटलेला. ड्रमवाल्याला काय करावं कळेना, त्याने दोन ठोके जास्तीचे मारले आणि थांबला. सगळा हॉल थांबला. तो आर्डेलकडे बघत होता, तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होता, परत तिच्याकडे. कुणीतरी मागून हसलं. "आली लहर, केला कहर," दुसरं कुणी म्हणालं. तेव्हा त्याचा चेहरा आकसला. तो वळला आणि बाजूच्या दाराने निघून गेला.

विंबर्लींचा हात खिशातून बाहेर आला. हातात रुमाल होता. त्यांचे दोन्ही गाल ओले होते, आणि ते पुसायचं विसरून ते त्या बाजूच्या दाराकडे बघत बसले होते. त्या खिशात रुमालाखेरीज काही होतं का, हे आर्डेलने पुढे कधी विचारलं नाही. रेकॉर्डवाल्याने हॅट डोक्यावर ठेवली. मेम्फिसला अशा गायकांच्या गोष्टी त्याने ऐकल्याच असतील. त्याला कुणी समजावायला गेलं नाही.

क्लिओफस हॉलमागे, कुणाच्यातरी गाडीला टेकून उभा होता. कोटाची बटणं उघडी होती. आत काही नव्हतं.

"काय झालं?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "आर्डी, काय दिसलं तुला?"

"तू त्यांच्या अंगावर चालला होतास."

"हात द्यायला चाललो होतो." त्याने उजवा हात पुढे केला, जसा नव्या माणसाला मंडळीत घेताना चर्चमध्ये सगळ्यांसमोर पुढे करतात. "सगळ्यांदेखत मारलं होतं, म्हणून सगळ्यांदेखत द्यायचा होता. नुसता मागच्या खोलीत जाऊन दिला तर काय अर्थ? पिस्तूल नदीत टाकलं मी बुधवारी."

"मग सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं तर तू भीत बसली असतीस." त्याने पुढे केलेला हात खाली घेतला. "मला वाटलं, मला दिसत नाही असं काहीतरी तुला दिसलंय. आई हात वर करायची तेव्हा तिला दिसायचं तसं. मागून कुणी येतंय. छत पडतंय. काहीतरी."

आर्डेलला फक्त तो दिसला होता. एवढंच तिला सांगायचं होतं आणि तेवढंच सांगता येत नव्हतं. शेवटी तिने सांगितलं. त्याने मान हलवली, कोटाची बटणं लावली आणि तिला घरी सोडलं.

सोमवारी ती विंबर्लींकडे गेली, मेम्फिसला फोन करा, चूक माझी होती म्हणून हातापाया पडली. त्यांनी ऐकून घेतलं. "मी केलाय फोन," ते म्हणाले. "तो हसला. म्हणाला, दर वेळी चूक अंगावर घेणारी कुणीतरी बहीण असतेच." सगळ्या गावानेही तेच धरलं: क्लिओफस परत मध्येच सोडून गेला. क्लिओफसने कुणाचं बोलणं खोडून काढलं नाही. त्या शिव्या त्याच्या अंगाला बसलेल्याच होत्या.

त्यानंतर त्याने कुणावर हात उगारला नाही. कुणी वाटेत आडवा आला तर बाजूला व्हायचा. लोक म्हणत, निवळला बरं का. आर्डेलला या निवळण्याची रागापेक्षा जास्त भीती वाटायची.

वर्षं गेली आणि एका रविवारी नव्या पाद्रीबुवांनी मोठ्या मनाने मंचावरून त्याचं नाव घेतलं: ब्रदर ग्रीअर, या, एक गाणं म्हणा. सगळी माणसं शेवटच्या बाकाकडे वळली. क्लिओफस उठला. केस पांढरे झाले होते, हातांवर कुणाच्यातरी स्वयंपाकघराचा हिरवा रंग होता. तो मधल्या वाटेने चालू लागला आणि आर्डेलपाशी येऊन थांबला.

तिचा हात वर नव्हता. तिने घाईघाईने, या, चला म्हणतात तसे, दोन्ही हात पाठीशी नेले, त्याला नीट दिसावेत असे वळून नेले. पियानोवाली सूर धरून बसली होती.

"जा ना," आर्डेल कुजबुजली.

तो हलला नाही. त्याने तिच्या पाठीमागे पाहिलं, दाराकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं.

"नीट बघितलंस ना?" त्याने विचारलं.