ढिल्लं बेअरिंग

वारंगा फाट्यावर गोणपाटावर जुने नटबोल्ट मांडून मी सुरुवात केली. नव्वदच्या दशकाअखेर स्वतःचं बेअरिंगचं दुकान झालं. जवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला माल मीच देई. तिथला फिटर माझा मित्र. त्यानंच मला शिकवलं होतं, की पुठ्ठा वाळवणाऱ्या रोळाच्या शाफ्टमधून वाफ जाते, शाफ्ट तापून फुगतो, म्हणून तिथलं बेअरिंग आतून जरा ढिल्लंच लागतं.

एकदा तो सुट्टीवर असताना कारखान्याचा मॅनेजर स्वतः रोळाचं बेअरिंग न्यायला आला. मी नेहमीचं ढिल्लं पुढं ठेवलं. ट्रॅक्टरचं बघतात तसं त्यानं ते दोन्ही हातांनी हलवलं. आत खुळखुळलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"वापरलेला माल देऊन राहिला काय, शेठ? डब्बा तेवढा नवा दिसतो."

मी एकदा समजावलं. मला शिकवू नका, म्हणाला. माझं डोकं फिरलं. त्याच मापाचं साधं, घट्ट बेअरिंग काढून त्याच्यापुढं आपटलं. त्यानं हलवून बघितलं, ते वाजलं नाही. तो खूश झाला. मी भावात एक रुपया सोडला नाही.

ते बसवलं दुसऱ्यांनीच. तिसऱ्या दिवशी फिटर कामावर परतला. रोळाचा आवाज त्याला वेगळा वाटला, म्हणून बघायला वाकला, आणि तेवढ्यात बेअरिंग जाम होऊन फुटलं. शाफ्ट खाली बसला, वाफेच्या पाइपाचा सांधा निखळला. फिटरचा उजवा हात वाफेनं कोपरापर्यंत भाजला. बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

दुकानदारानं नकली माल दिला, असं मॅनेजरनं पार जवळा बाजार गावापर्यंत पसरवलं. मी त्याला गेटवर गाठून शिव्या घातल्या. त्या चार गिऱ्हाइकांपैकी एकानंही माझ्या बाजूनं तोंड उघडलं नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही. माल अस्सल होता, आणि मागितला त्यानंच.

दवाखान्यात फिटरला मी हेच सांगत होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ते तिथं टिकणार न्हाई, हे तुला ठाऊक व्हतं ना?"

"व्हय."

"मग दिलं काहून?"

"चारचौघांत चोर म्हणला मला."

त्यानं पट्टीतला हात डाव्या हातानं उचलून उशीवर ठेवला. मग उशाशी बसलेल्या बायकोला म्हणाला, "ह्यांना फाट्याची गाडी कुठं लागते ते दाखव."