तैवानच्या चार गोष्टी आणि एक लागलेलं दार

आयर्लंडच्या लिमरिक शहरातल्या मराठी माणसांची अभिरुची उंचावण्याची जबाबदारी माझ्या नवऱ्यावर कोणी टाकली, हे मला अजून कळलेलं नाही. दिवसभर हॉस्पिटलात लोकांना भूल देतो, तेवढ्यानं त्याचं भागत नसावं. मराठी मंडळाच्या स्नेहभोजनाआधी तैवानचा एक जुना सिनेमा दाखवायचा, असं त्यानं जाहीर केलं. एका सिनेमात चार गोष्टी, चार नवखे दिग्दर्शक, आणि त्यातून म्हणे तिकडे सिनेमाची नवी लाट आली.

"हाणामारी आहे ना?" माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं त्याला विचारलं.

"नाही. साध्या माणसांचं साधं जगणं."

"ते घरी असतंच की!"

हॉलमध्ये रेशमी कुर्ता घालून नवऱ्यानं प्रास्ताविक केलं. त्याच त्या प्रेमकथांना विटलेला प्रेक्षक, नवोदितांना संधी देणारा स्टुडिओ, बालपणापासून लग्नापर्यंतचा प्रवास... तिकडे बिर्याणी निवत होती. एका एकलकोंड्या मुलाची पहिली गोष्ट संपली, पडदा काळा झाला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला भरूनच आलं. मग दिसलं, सगळे प्लेटा घ्यायला उठले होते.

"अहो, अजून तीन आहेत!" नवरा ओरडला.

"तीन तास?"

"तीन गोष्टी!"

लोक सुसंस्कृत, परत बसले. मात्र दुसऱ्या गोष्टीत एकेकाला गाडीतून काहीतरी आणायचं आठवलं आणि तिसरीत मुलांना झोप आली. चौथी सुरू झाली तेव्हा मी, सोलापूरहून आलेल्या सासूबाई आणि हॉलचा म्हातारा आयरिश केअरटेकर, एवढेच रसिक उरलो होतो. बाकीच्यांना परत आणायला नवरा पावसात पार्किंगकडे धावला.

सासूबाईंना चिनी येत नाही आणि इंग्रजी सबटायटल्सही वाचता येत नाहीत. पण पडद्यावर नव्या घरातला नवरा अर्ध्या कपड्यांत दाराबाहेर अडकला, तेव्हा त्या पोट धरून हसल्या. त्यांना बघून केअरटेकरही हसत सुटला. कुठूनतरी ठकठक येत होती. मला ती सिनेमातलीच वाटली. शेवटी केअरटेकर खिडकीतून डोकावून आला.

"युअर मॅन बाहेर भिजतोय," तो म्हणाला.

इथे कुठल्याही परक्या गृहस्थाला 'युअर मॅन' म्हणतात. मी मान डोलावली आणि पुढे बघत राहिले.

सिनेमा संपल्यावर दार उघडलं, तर खरोखरच माझाच मॅन निघाला. तो बाहेर पडताच दार मागे आपोआप लागलं होतं.

"भिजलास की रे," सासूबाई म्हणाल्या. "आन् शेवटची गोष्ट हुकली की!"

"मला माहितीये ती, आई."

"मग सांग की, कसा गेला तो आत?"

नवऱ्यानं नाक शिंकरलं. गाडीत बसल्यावर कबूल केलं, की सिनेमा त्यानं पाहिला नव्हता, त्याविषयी फक्त वाचलं होतं.

घरी सासूबाईंनी त्याला चारही गोष्टी सांगितल्या. त्यांच्या मते सगळं एकाच घरातलं होतं. पहिला पोरगाच मोठा होऊन शेवटी लग्न करतो, दुसरीतली मुलगी त्याची मोठी बहीण. यातलं एकही नातं सिनेमात नव्हतं. नवरा टॉवेलनं डोकं पुसत "मग?" "मग?" विचारत राहिला.

हल्ली तो सिनेमावर बोलतो तेव्हा आईनं रचलेलीच गोष्ट सांगतो. लोक पूर्ण ऐकतात.