गरुडाच्या बरगड्या

मला पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी मला गाणं म्हणायला सांगितलं नाही, चालून दाखवायला सांगितलं नाही, भाकरी थापता येते का असंही विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, "पोरी, तुले बेडकाचा सांगाडा काढता येते का?"

आम्ही तेव्हा बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील मालगोदामात कारकून होते. अमरावतीच्या मुलींच्या शाळेतून मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, तीही शास्त्र घेऊन, आणि चित्रकलेत माझा हात बरा होता. पाटावर बसल्या बसल्या, नव्या लुगड्याचा काठ सावरत मी सांगाडा काढला. बाणही दिले, नावंही घातली. सासऱ्यांनी कागद उजेडाकडे धरला. ते अकोल्याच्या शाळेत जन्मभर शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. "हात हाय पोरीले," ते वडिलांना म्हणाले. "आमच्या घरची सून कॉलेजात जाईन. बी.एस्सी. करीन. माहा शब्द हाय."

वडिलांनी हा शब्द सगळ्या क्वार्टरांमधून मिरवला. मला तर दुसरं काही नकोच होतं. मला प्राणिशास्त्र शिकायचं होतं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा होता, खरी हाडं हातात घेऊन पाहायची होती. नवरा कसा आहे हे मी धड पाहिलंसुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कशाला, हे मला पुढे कळलं.

ज्या साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्याच साली मी बडनेऱ्याहून अकोल्यात गेले. हातातला हिरवा चुडा अजून खळखळत होता, तेवढ्यात बैठकीतून आत एक जाड कागद आला. वर मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, अक्षरात लिहिलेलं: 'गरुड. सांगाडा. एका बाजूने.'

मामाजी मुलांसाठी पुस्तकं लिहीत. पुराणातले प्राणी हे खरेच प्राणी होते, पण त्यांचा नीट अभ्यास कोणी केला नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक प्राण्याचा वर्ग, वस्ती, आहार, दातांची रचना, पिलांचं संगोपन असं सगळं ते शाळेच्या पुस्तकासारखं मांडत. नागाच्या डोक्यातला मणी म्हणजे एका ग्रंथीचा साठलेला स्राव. मकराला सोंड का, तर चिखलात श्वास घेता यावा म्हणून. बोलताना मामाजी पक्के वऱ्हाडी, पण पुस्तकात लिहिताना पुण्याच्या माणसानेही मान डोलवावी असं लिहीत. कोणी हसलं तर म्हणत, "शंभर-दीडशे सालापहिले डायनोसॉर कोनाले मालूम होता?" शेजारच्या बाईने एकदा विचारलं, हडळीच्या उलट्या पायाचं काय, तर ते तिच्यावर उखडले. भुताखेतांना त्यांच्या पुस्तकात थारा नव्हता. ते शास्त्राचे मास्तर होते.

इतकी वर्षं चित्रांवाचून अडलं होतं. आता चित्रकार घरातच आली.

त्या काळी सून सासऱ्यांशी बोलत नसे. समोर येणंही नाही. आमच्या घरी बैठक आणि माजघर यांच्यामध्ये दाराला एक निळा पडदा होता. पडद्याच्या पलीकडे मामाजी खुर्चीवर, अलीकडे मी बसकं मेज घेऊन जमिनीवर, आणि उंबऱ्यात सासूबाई. मामाजी सासूबाईंना सांगत, सासूबाई मला सांगत. मी सासूबाईंना सांगे, त्या मामाजींना. पडदा हातभर अंतरावर. पण रीत म्हणजे रीत.

"थे म्हणतात, गरुडाच्या बरगड्या कमी पडल्या."

"त्यांले सांगा, बरगड्या ठीक हायत. पन पंख दोन, हात दोन, पाय दोन, असे सहा होतात. कणा असलेल्या प्राण्याले चारच असतात."

सासूबाई पडद्याकडे वळत. "सून म्हणते, गरुडाले दोन जास्तीचे झाले."

पडद्यामागे पेन्सिल खरखरली. मग, "वा! हे टाकू पुस्तकात."

आणि खरंच टाकलं. मी काढलेली शंका 'शंका आणि समाधान' या सदरात छापून आली, खाली त्यांचं समाधान. मला वाटलं होतं, चूक दाखवली की काम थांबेल. मी म्हटलं, एवढं जड शरीर उचलायला छातीचं हाड एवढं लागेल की गरुडाला वाकताच येणार नाही. ते म्हणाले, म्हणूनच तो विष्णूपुढे बसताना गुडघ्यावर बसतो, आणि माझ्याकडून तसं चित्र काढून घेतलं. शरभाला आठ पाय दिले तर तो अडखळून पडेल म्हटलं, तर पाय टाकण्याच्या क्रमाची आठ चित्रं पदरात पडली. मी जेवढी धडपड करीन तेवढं पुस्तक जाड होई. खोटं कशाला बोलू, कधी कधी मजाही यायची. मकराचे कल्ले मी असे काढले होते की मोर्णा नदीवर धुणं धुणाऱ्या बायाही सांगत, पोरं पाण्यात वाकून वाकून मकर शोधून राहिली म्हणून. पण मजा आली म्हणून कोंडलेपण जात नाही. चित्रं छापायचे ब्लॉक नागपूरहून बनून यायचे, त्यावर कोपऱ्यात कुठेही माझं नाव नसे, आणि कॉलेज आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

शाळेतली एक मैत्रीण अमरावतीला कॉलेजात गेली होती. माहेरी गेले की भेटायची. एकदा तिने सांगितलं, त्यांच्या प्रयोगशाळेत कबुतराचा सांगाडा आहे, तारेने जोडलेला. "उचलला ना, तर हातात काही हाय असं वाटतच नाही," ती म्हणाली. "हाडं पोकळ असतात." मी तोवर गरुडाची हाडं भरीव काढत होते. त्या दिवशी मला तिचा इतका हेवा वाटला की मी तिला चहासुद्धा नीट विचारला नाही.

जून जवळ आला की मी सासूबाईंना म्हणे, "मामाजींले विचारा ना, यंदा कॉलेजात नाव घालू का." त्या मान हलवत. मी चुलीपाशी गेले की त्या उंबऱ्यात जाऊन काहीबाही बोलत, आणि परत येऊन सांगत, "थे म्हणतात, पुढच्या साली पाहू." पुढच्या साली पहिलं मूल झालं. त्याच्या पुढे दुसरं. नवरा जिनिंग फॅक्टरीत होता, गरीब माणूस. त्याला विचारलं की म्हणे, "बाबांचा शब्द हाय ना, मंग होईन." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तक्रार करावी तर कोणाची? बाहेर सगळे म्हणत, सुनेच्या अंगचे गुण ओळखणारा सासरा नशिबाने मिळतो.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या लिहायला वाचायला शिकलेल्या नव्हत्या. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती, आणि मी येईपर्यंत मामाजी त्यांच्याशी पाणी दे, धोतर दे, कोन आलं, यापलीकडे बोलत नसत. मला हे शेजारणीने सांगितलं. मी आल्यापासून मात्र रोज दुपारी दोन-दोन तास नवरा त्यांच्याशी बोलत होता. तेही कशावर, तर नागाच्या फण्यातल्या हाडांवर. उंबऱ्यात बसायच्या वेळेला त्या वेणीफणी करून, कुंकू नीट करून येत. 'पृष्ठवंशीय' हा शब्द त्यांनी घोकून पाठ केला होता आणि तो म्हणताना त्यांच्या आवाजात एक तोरा येई. मला हसू येई, आणि कुठेतरी भीतीही वाटे. का वाटे ते तेव्हा कळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात त्या भाच्याच्या लग्नाला हिवरखेडला गेल्या. काम बंद पडलं. लेकरांकरवी निरोप देऊन पाहिले, पण लेकरांच्या तोंडी बरगड्या टिकत नव्हत्या. मामाजी पडद्यामागे खोकत, पेपर उलटत, पुन्हा खोकत. तिसऱ्या-चौथ्या दुपारी माझ्यात काय संचारलं कोण जाणे. मी पडद्याजवळ गेले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि म्हणाले, "मामाजी, मले कॉलेजात जायचं हाय."

पेपरची सळसळ थांबली. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले होते.

"तुही सासू येऊ दे," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "तिच्यापाशी सांग. थे मले सांगीन."

नाही म्हणाले नव्हते! मी तर हरखूनच गेले. रीतीने सांगायचं एवढंच राहिलं होतं. मी शाळेचा दाखला ट्रंकेतून काढून ठेवला. नवऱ्याला सांगितलं, तोही खूश झाला. थोरलं लेकरू शाळेत जाऊ लागलं होतं, धाकट्याला सासूबाईंचा लळा होता. अडायला काहीच नव्हतं.

सासूबाई बुंदीचे लाडू घेऊन परतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वेणीफणी करून उंबऱ्यात बसल्या. पलीकडे खुर्ची करकरली. मी मुद्दाम आवाज चढवला, पडद्यापलीकडे काय, रस्त्यावरही ऐकू जावं इतका.

"मामाजींले सांगा, मले यंदा कॉलेजात नाव घालाचं हाय. त्यांनी शब्द देल्ला होता."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुष्टाव्याने नाही. आपल्या हातातली वस्तू कोणी ओढून नेतं तेव्हा माणूस पाहतं तसं. मग त्या पडद्याकडे वळल्या.

"सून म्हणते, यंदा नोको. लेकरं लहान हायत."

मी पडद्याकडे कान लावला. आता ते बोलतील. आता म्हणतील, मी माझ्या कानांनी ऐकलं. रागावतील, हसतील, काहीतरी करतील. पडदा वाऱ्याने थोडा हलला आणि मला त्यांचा गुडघा आणि गुडघ्यावरचा हात दिसला. हात अगदी स्वस्थ होता.

"बरं," मामाजी म्हणाले. "पुढच्या साली पाहू. मंग आज चकोर घ्या."

मला दोघांचाही संताप आला. आणि सासूबाईंची दयाही आली, त्याचा संताप वेगळा. मी उठू शकले असते. पडदा काय, कापडच होतं. पण मी तिथेच बसून राहिले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. निरोप त्यांनी चोख दिला.

"थे म्हणतात, चकोर घे."

मी ऐकलंच होतं. त्या घरात इतकी वर्षं सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. मी कोरा कागद पुढे ओढला.