गल्ल्यावरची गोरी बाई

मलकापूरच्या अलीकडे हायवेला जो ढाबा होता, तिथं मी भाकरी करायची. ढाबा नवरा-बायकोचा. तो गल्ल्यावर, ती चुलीवर. ट्रकवाले तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी थांबायचे. त्याच्यासाठी कोणी थांबायचं नाही, आणि हे त्याला माहीत होतं. ती तापाचं निमित्त होऊन गेली. त्यांच्या पोरानं तिचा फोटो गल्ल्याच्या वर लावला, चंदनाचा हार घातला. चूल माझ्याकडे आली.

पोरगा पुण्याला शिकून आला होता. त्यानं ढाबा पाडला आणि तिथं अमेरिकेतल्यासारखं हॉटेल बांधलं. काळ्या-पांढऱ्या फरश्या, लाल रेक्झिनचे सोफे, भिंतीतून बाहेर आलेलं जुन्या मोटारीचं तोंड. सगळं नवं करायचं, पण दिसायचं मात्र जुनं. एक टेबल आलं तर ते फार नवं दिसतं म्हणून सुताराकडून त्याला ओरखडे मारून घेतले. मी म्हटलं, आमच्याकडं ओरखड्यांची टेबलं होती की, ती तू भंगारात दिली. तो हसला. "मावशी, ते वेगळं जुनं होतं."

भिंतीवर अमेरिकेतल्या माणसांचे काळे-पांढरे फोटो लागले. गल्ल्याच्या वर, आईचा फोटो होता त्याच खिळ्याच्या जागी, एक गोरी बाई आली. डोक्याला फडकं, कमरेला एप्रन, हातात किटली. आईचा फोटो पोरानं घरी नेऊन कपाटात ठेवला. तो वाईट नव्हता. त्याला वाटलं, बर्गर खाणाऱ्या गिऱ्हाइकांना वर हार घातलेली बाई बरी दिसणार नाही.

हॉटेल चाललं. मग चिखलीला दुसरं निघालं, देऊळगाव राजाला तिसरं. तिन्हीकडं त्याच फरश्या, तेच सोफे, तेच फोटो. मागच्या दारी मात्र तिन्हीकडं भाकरी आणि ठेचा. ड्रायव्हर लोक मिल्कशेकवर गाडी चालवत नाहीत.

म्हातारा, पोराचा बाप, रोज यायचा आणि गल्ल्यासमोरच्या सोफ्यावर बसायचा. त्याला तेव्हा विसर पडू लागला होता. सकाळचं जेवण दुपारी आठवायचं नाही. एकदा मी भाकरी घेऊन गेले, तर तो वर बघून बोलत होता.

"कवाची उभी हायस वं. बस न जराशी."

मी पोराला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, राहू द्या. खुश आहेत ना?"

खुश होता. बायको गेली हे तो पुरता विसरला होता. "ते आहे न वर, तिले विचारा," असं मिठापासून गॅसपर्यंत सगळ्याला म्हणायचा. दोन वेळा पोटभर जेवायचा. मला मात्र त्या बाईखालून जाताना मान वर करवायची नाही. कोणाची कोण, कुठं मेली असेल, आणि इथं दुसरीच्या नावानं हाका ऐकते.

त्या साली स्वयंपाकघरात दोन नव्या पोरी आल्या होत्या. मालकिणीला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडं गल्ल्यावर फोटो लागतो तो देवाचा, नाहीतर मेलेल्या माणसाचा. म्हातारा त्या फोटोशी बोलतो हे त्या रोज बघायच्या. एक दुसरीला म्हणाली, "शेठची आई लय गोरी होती वं."

"बुढ्यानं विलायतेची केली असंन."

सर्वपित्रीला मी घरी होते, आमच्याकडंही पितर होते. पोरींनी चांगल्या मनानं झेंडूचा हार केला, स्टुलावर चढून त्या बाईला घातला, खाली उदबत्ती लावली. मी दुपारी पोचले तेव्हा म्हातारा नुकताच आत येत होता. तो हाराकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडं वळला.

"बाई, हे कवा गेली?"

मला खोटं पटकन सुचत नाही.

"मले काऊन नाही सांगतलं? मी आंघोळ बी नाही केली."

तो बाहेर गेला. गाड्या धुवायच्या नळाखाली बसला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी घेतलं. काचेच्या आत लोक बर्गर हातात धरून बघत होते. पोरी रडत होत्या. मी टॉवेल घेऊन उभी राहिले.

मला वाटलं, उद्या विसरेल. बाकी सगळं विसरला, हे विसरला नाही. हार काढला, मग पोरानं फोटोच काढला, तर म्हातारा म्हणाला, "नेली." जेवण सोडलं. चमचाभर वरण घातलं तरी तोंडात धरून बसायचा. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर फार दिवस नाहीत.

तेव्हा पोरानं त्याला देऊळगाव राजाच्या हॉटेलात नेलं. मलाही गाडीत घेतलं. आत शिरलो तर गल्ल्याच्या वर ती, किटली घेऊन, गळ्यात काही नाही. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

म्हातारा माझ्या कानाशी आला. "बाई, तिकडची गेली हे इले सांगू नोको."

"नाही सांगत," मी म्हटलं.

तो बसला आणि अर्धी भाकरी खाल्ली.

पुढं पोरानं तिथंच घर केलं. मीही तिथल्या चुलीवर आले. मोठा नवा रस्ता झाला, ट्रक तिकडून जाऊ लागले, मलकापूरचं बंद पडलं, मग चिखलीचं. म्हातारा त्यानंतरही दोन उन्हाळे जेवला. फोटोला कुठल्याही सणाला फूल लावायचं नाही, ही ताकीद मी प्रत्येक नव्या पोरीला द्यायची.

तो गेला, तेरावं झालं. एका पोरीनं विचारलं, "मावशी, आता घालू का हार?"

मी विचारलं, "कोणाच्या नावानं?"

ती परत पीठ मळायला गेली. फोटो तसाच आहे. मी जेवायला बसते ती गल्ल्याकडं पाठ करून.