करमाफीच्या वर्षीचा अनाक्लेतो

अनाक्लेतो युरिविल्काच्या गाडीत पुढची जागा माझी, हे आमच्या पाल्कामायो गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी शिकवते खाली तार्मा शहरातल्या शाळेत, राहते वर पाल्कामायोत, आणि कित्येक वर्षं त्याच्याच गाडीतून जा-ये करते. गाडी म्हणजे जुनी पांढरी स्टेशन वॅगन. कागदावर पाच माणसांची. अनाक्लेतो सात बसवतो, डिकीत एखादं कोकरू, आणि टपावर फुलांचे भारे. आमच्या खोऱ्यात फुलं पिकतात. ती सकाळच्या बाजारात पोचली नाहीत तर दुपारी गाईसुद्धा त्यांना तोंड लावत नाहीत. त्यामुळे त्याच्या गाडीला कायम ग्लॅडिओलसचा आणि पेट्रोलचा असा मिळून वास येतो. मला आता तो वास आला नाही तर शाळेचा दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

माणूस बुटका, रुंद, बोलका. तरुणपणी वर खाणीत कामाला होता. छातीत खोकला बसला तेव्हा बायको ओलिंदानं निक्षून सांगितलं, की खाण तरी सोड नाहीतर मला तरी. त्यानं खाण सोडली आणि साठवलेल्या पैशांतून ही गाडी घेतली. लग्नानंतर फार उशिरा त्यांना मुलगी झाली, मारिबेल. तिच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिली ती सेनोबिया पालासिन, गावाच्या वळणावरच्या पेट्रोल पंपाची मालकीण. आमच्याकडे मुलीची धर्ममाता म्हणजे सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. त्या दिवसापासून ती त्याची 'कोमाद्रे' आणि तो तिचा 'कोंपाद्रे'. एकमेकांना कायम अहो-जाहो, आणि त्या अहो-जाहोतच सगळी थट्टा.

सेनोबिया विधवा, उंच, हिशेबी, तोंडानं फटकळ. पंप छोटासा, दोनच नळ्यांचा. रोज सकाळी अनाक्लेतो आधी तिथं जायचा. ती टाकीत नळी खुपसायची आणि त्याच्या हातात किन्वा या धान्याच्या गरम पेजेचा पेला द्यायची. "कोंपाद्रे, गाडीला पाजू की तुम्हाला आधी?" हे ती रोज विचारायची, आणि तो रोज हसायचा. मी पुढच्या सीटवर बसून दोघांकडे बघत असे.

मग ते महागाईचं वर्ष आलं. कुठंतरी दूर लढाई सुरू झाली आणि इथं सेनोबियाच्या पंपावरचा आकडा आठवड्यागणिक चढू लागला. अनाक्लेतोनं आधी चेष्टेवारी नेलं. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून सोडायचा. मी डोळे मिटून क्रूस काढायची, तर म्हणायचा, "बाई, तुमच्या प्रार्थनेवर चाललीय, पेट्रोल वाचतंय." पुढं मात्र त्याचं हसू आटलं. एक फेरी वर-खाली केली की हातात काही उरत नसे. ओलिंदा घरी कोंबड्या विकू लागली.

खोऱ्यातल्या सगळ्या गाडीवाल्यांनी संप केला. रस्त्यावर दगड रचले, टायर पेटवले, आणि अनाक्लेतो पुढं. दगडांच्या मागं मोठं सामायिक पातेलं चढलं होतं. त्यात पडणारे बटाटे सेनोबियाच्या घरून आलेले, हे सगळ्यांना माहीत होतं. मागणी एकच होती, पेट्रोलवरचा कर उठवा. अखेर राजधानीतून जाहीर झालं, की काही महिन्यांपुरता कर स्थगित. लोकांनी पातेल्याभोवती नाच केला. अनाक्लेतोचा आवाज बसला होता, तरी गात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी धुतली, बॉनेटवर फुलांचा हार घातला आणि पंपावर आला. मी शेजारी होते. वर फलकावर आकडा जुनाच.

तो खाली उतरला. सेनोबिया पेला घेऊन आली, पण त्यानं हात पुढं केला नाही.

"कोमाद्रे, रेडिओ ऐकत नाही का तुम्ही?"

"ऐकते. टाकीत आहे ते कर भरून आणलेलं आहे, कोंपाद्रे. हे संपू द्या, नवा टँकर आला की उतरवते."

"असं. आणि भाव चढतो तेव्हा? तेव्हा जुनं संपायची वाट बघता का? रात्री बातमी आली की सकाळी आकडा बदललेला असतो."

ते खरं होतं. तिनं पेला परत नेला. अनाक्लेतोनं पेट्रोल न घेताच गाडी काढली. मागं बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून तो तार्मातल्या मोठ्या पंपावर जाऊ लागला. तिथं भाव दोन-चार सेंटिमोंनी, म्हणजे अगदी पैशांनी, कमी होता, आणि रांग अशी, की उभ्या उभ्या इंजिन तेवढं पिऊन टाकायचं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्यानं सांगितलं, की प्रश्न पैशाचा नाही, मन दुखलंय. घरातही तिचं नाव निघेना. मारिबेल मात्र धर्ममातेकडे जायची थांबली नाही. बाप विचारायचा नाही, ती सांगायची नाही, आणि ओलिंदा मुलीच्या हातून गुपचूप अंडी पाठवायची.

खरी गोष्ट घडली ती पेलाहिया मावशीमुळे. मावशी म्हणजे आमच्या बाजारातली सगळ्यात वयस्क फूलवाली, अंगानं भारी, जागा दीड माणसाची अडवते आणि भाडं एकाचं देते. एके सकाळी गाडी भरली, दारं लागली, आणि मागून तिचा आवाज आला.

"अरे अनाक्लेतो, तुमचा तो कर उठला म्हणतात. भाडं कधी उतरवतोस?"

अनाक्लेतोनं सांगायला सुरुवात केली, की मावशी, नुसत्या पेट्रोलवर गाडी चालत नाही. टायर महागले, ऑइल महागलं, गेले महिने तोट्यात काढले, ते आधी भरून निघू दे, मग बघू. बोलता बोलता तो मध्येच थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते. त्यालाही ऐकू आलं होतं, की हे शब्द आपले नाहीत, वळणावरच्या पंपावरचे आहेत.

मावशी एवढंच म्हणाली, "बरं बाबा. आम्ही तर संपात पातेलं घासायला होतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाडं अर्ध्या सोलनं, म्हणजे पन्नास सेंटिमोंनी उतरवलं. कुणाला सांगितलं नाही, नुसते सुटे परत दिले. तळावरचे बाकीचे गाडीवाले भडकले. तू संत व्हायला निघालास, आमच्या पोटावर पाय देऊन, असं त्यांनी सुनावलं. एकानं तर सांगितलं, की लोकांना सवय लावशील, आणि कर परत आला की चढवायला जीभ रेटणार नाही. अनाक्लेतो ऐकून घ्यायचा. त्याचंही चूक नव्हतं, हे त्याला कळत होतं. ओलिंदाला विचारलं तर ती म्हणाली, की त्या अर्ध्या सोलनं आपण बुडणार नाही आणि मावशी तरंगणार नाही, पण तुला झोप लागतेय ना, मग राहू दे.

दरम्यान सेनोबियाकडे नवा टँकर आला आणि तिनं भाव उतरवला. पण उतरला तो थोडकाच. करात जेवढं माफ झालं होतं त्याच्या निम्मासुद्धा नाही. गावात कुजबुज सुरू झाली, की विधवा बाई चांगलीच हुशार निघाली. हे तिच्या कानावर गेलं. तिनं मारिबेलच्या तोंडी निरोप धाडला. पुढच्या टँकरसोबत मी स्वतः किनाऱ्यावरच्या तेलाच्या डेपोत जाणार आहे, तुझ्या बापाला म्हणावं, माणसं भरायचं एक दिवस बंद ठेवा आणि या बरोबर.

अनाक्लेतो दोन दिवस नाही-नाही करत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे टोपी घालून पंपावर उभा राहिला. हे पुढचं मला त्यानंच सांगितलं, आणि नंतर सेनोबियानंही. दोघांचं सांगणं जुळतं, फक्त कोण आधी रडलं यावर एकमत नाही.

टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, मध्ये अनाक्लेतो, खिडकीशी सेनोबिया. तिक्लिओच्या उंच खिंडीत बर्फ पडत होतं. तिनं पिशवीतून चघळायची कोकाची पानं काढून पुढं केली, त्यानं घेतली, तेवढंच. डेपोत पोचल्यावर ती खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिली. तिच्यासारखे वीसेक छोटे पंपवाले, सगळे डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन. अनाक्लेतोला तिला असं उभं राहिलेलं बघायची सवय नव्हती. गावात ती कुणासमोर मान तुकवत नाही.

तिचा नंबर आला तेव्हा तोच पुढं झाला. खिडकीतल्या तरुणाला विचारलं, की कर उठला तर इथला भाव तेवढाच का उतरला नाही. पोरगा काही उर्मट नव्हता. त्यानं सांगितलं, की कर तर उठलाय, पण त्याच आठवड्यात बाहेर तेल महागलं, डॉलर वर गेला, आणि बाकीचं वरच्या मजल्यावर ठरतं. बाकीचं म्हणजे किती? ते मला माहीत नाही, काका. वरच्या मजल्यावर कोण भेटेल? आज कुणी नाही.

परतीच्या वाटेवर खिंडीखाली एका टपरीत दोघं मेंढीच्या डोक्याचं सूप घेऊन बसले. ड्रायव्हर बाहेर टायर बघत होता.

अनाक्लेतो म्हणाला, "तुम्ही पण माझ्यासारख्याच रांगेत उभ्या राहता, हे कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही भाव विचारता." मग सूप ढवळत सेनोबिया म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं, कोंपाद्रे. भाव चढला की मी त्याच सकाळी चढवते. नाही चढवला तर पुढचा टँकर भरायला पैसे कुठून आणू? उतरवताना मात्र हात आखडतो. भीती वाटते, उद्या परत चढला तर."

"मलापण वाटते," तो म्हणाला. "मावशीनं भाडं विचारलं तेव्हा मी तुमचीच भाषा बोललो."

ती हसायला लागली. त्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, की इतकी वर्षं पाजलेला किन्वा कुठंतरी लागू पडला म्हणायचा. यानंतरचं रडणं वर सांगितलंच.

काही महिन्यांनी कर परत आला. त्या सकाळी भाव पुरता चढला, एक सेंटिमो मागं राहिला नाही. करमाफीचा फायदा झालाच नाही असं अनाक्लेतो म्हणत नाही. थोडा झाला, थोडे दिवस झाला, आणि ज्यांच्याकडे पाच-पाच ट्रक होते त्यांना आमच्यापेक्षा पुष्कळ झाला, असं तो सांगतो. त्या पावसाळ्यात दरड कोसळली, तर ती उचलायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. कराचा आणि त्याचा संबंध होता की नव्हता, देव जाणे. गाडीवाल्यांनीच फावडी उचलली. सेनोबियानं चहाची किटली पाठवली.

पुढच्या वर्षी पेट्रोल पुन्हा भडकलं आणि तळावर सभा भरली. पुन्हा तीच मागणी, पुढारीपण पुन्हा अनाक्लेतोकडे. तो उभा राहिला. म्हणाला, मागायचं तर मागू, पण या वेळी आणखी एक मागू. जे सोडाल ते खालपर्यंत पोचतंय का, हे बघायला आमचा एक माणूस डेपोच्या वरच्या मजल्यावर बसवा. आणि पेलाहिया मावशीच्या वाट्याचे पैसे थेट तिच्या हातात द्या, तिच्याकडे ना टाकी ना टायर. लोक हसले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी. ठराव जुनाच पास झाला. अनाक्लेतोनं पुढारीपण घेतलं नाही, पण संपात उतरला. आपली माणसं रस्त्यावर असताना घरात बसणं त्याला जमण्यातलं नाही.

संपाच्या दिवशी रस्त्यावर एक चाक हलत नव्हतं. सकाळी मी दारात उभी होते. वरून मावशी येताना दिसली, पाठीवर ग्लॅडिओलसचा भारा, दर चार पावलांवर थांबत. फुलं उमलून गेली तर तिचा आठवडा जाणार होता. दगडांजवळ बसलेला अनाक्लेतो उठला, काही न बोलता तिचा भारा आपल्या पाठीवर घेतला आणि तार्माच्या वाटेला लागला. संपवाल्यांपैकी एकानं हटकलं, की अरे, आज वाहतूक बंद आहे. तो म्हणाला, माझ्या पायांना परवाना लागत नाही.

मावशी त्याच्या मागून धापा टाकत चालली होती. वळणावर सेनोबिया पंपाचं कुलूप लावून बाहेर आली आणि मावशीचा दंड धरून तिला चालवू लागली. मला शाळेत जायचंच होतं. मीही निघाले. आम्ही चौघं फुलांच्या मागं मागं उतरत राहिलो, आणि मावशी सगळी वाट अनाक्लेतोला सांगत होती, की भारा नीट धर, शेंडे मोडतील, तुझ्या गाडीच्या टपावर बरे राहतात.