साहेबाच्या ग्लासातले चार थेंब

लढाईच्या काळात आटगावजवळ, तानशाच्या रस्त्यावर, एक हॉटेल निघालं होतं. गोरे अंमलदार तिथे जेवायला, प्यायला थांबत. मालकाने ते दूरच्या समुद्रातल्या बेटासारखं सजवलं होतं. बांबूच्या भिंती, वसईहून आणलेल्या नारळाच्या झावळ्या, रंगवलेले लाकडी पोपट. दारात शिंदीची खरी झाडं उभी होती, त्यांच्याकडे कुणी पाहत नसे.

माझे वडील शहापूरला अबकारी कचेरीत कारकून होते. एका रविवारी त्यांच्या साहेबाने आम्हांला तिथे दुपारी जेवायला बोलावलं. मडमेला इंग्रजी शाळेतली मुलगी बघायची होती. मी डब्यातलं अननस खात राहिले आणि विचारलं तेवढ्याला ‘येस’ म्हणत राहिले.

वाढायला जंगलातल्या ठाकूर वाडीतली एक बाई होती. ती आमच्याकडे लाकडाची मोळी घालायची. मालकाने तिच्या लुगड्यावर कमरेभोवती पानांची झालर बांधली होती. मागच्या पडवीत मी हात धुवायला गेले तेव्हा ती झालर दाखवत म्हणाली, “असली पानं बकरी खाते गो. आमी नाय नेसत.”

मी हसले. मग तिने माझा हात धरला. घरात दारू गाळायची मोहाची फुलं सापडली म्हणून तिचा नवरा चार दिवस अबकारीच्या कोठडीत होता. उद्या त्याला ठाण्याच्या तुरुंगात नेणार होते.

“तुला सायबाची भाषा येते, बाय. एकदा सांग, सोड म्हणावं. पोरं लहान हायेत.”

मी मान हलवली. तिने ते ‘हो’ धरलं.

साहेबाचा ग्लास तिनेच आणला. रम, लिंबू, अननसाचा रस. टेबलावर ठेवण्याआधी तिने तो किंचित कलता केला, चार थेंब जमिनीवर सोडले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. त्यांच्या वाडीत मेलेल्यांना दिल्याशिवाय कुणी पीत नाही. मोठा पाहुणा असला तर त्याच्या वाडवडिलांच्या नावानेही सोडतात. याहून मोठा मान तिच्याजवळ नव्हता.

“हिने काय केलं?” साहेबाने इंग्रजीत विचारलं. मडमेने आपल्या ग्लासावर तळवा ठेवला. “काही मंत्र घातला का?”

वडील ताटाकडे बघत राहिले. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, अख्खं वाक्य. ते संपलं की नवऱ्याचं बोलायचं, हेही ठरलं होतं. बाई माझ्याकडेच बघत होती. मी पाण्याचा घोट घेतला.

मालकाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि परत येऊन माफी मागितली. “जंगली आहेत, साहेब. हिचा नवरा तुमच्याच कोठडीत आहे, मोहाचा.”

“असं होय,” साहेब म्हणाला, आणि ग्लास दूर सारला.

जाताना मडमेने माझ्या शांत वळणाचं कौतुक केलं. टांग्यात वडील म्हणाले, “बरं केलंस, मध्ये बोलली नाहीस.”

सोमवारी तिच्या नवऱ्याला ठाण्याला नेलं. तिथे हगवणीने तो गेला. वाडीत निरोप पोचायलाच आठ दिवस लागले.

भात कापून झाल्यावर ती पुन्हा मोळी घेऊन मागच्या दारी आली. कपाळ मोकळं होतं. घरात मी एकटीच होते. तिच्याशी तर मराठीतच बोलायचं होतं.

“कुठं टाकू?” तिने विचारलं.

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.