प्रश्न सुटण्याआधीचा सत्कार

आमच्या कॉलेजच्या जीएसने आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना फसवलं, आणि तेसुद्धा आमच्याच वर्गणीतून आणलेल्या शालीने.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातली कोथिंबीर पहाटे विकून कॉलेज गाठायचे, हिला घासाघीस जमते म्हणून वर्गाने मला प्रतिनिधी केलं होतं. विद्यार्थी परिषदेच्या मागण्या दोनच होत्या : डेव्हलपमेंट फी रद्द करा आणि फी थकली म्हणून कुणाचं हॉल तिकीट अडवू नका. दुसरी मागणी माझ्या बाकावरच्या सटाण्याच्या मैत्रिणीसाठी होती. तिची अर्धी फी राहिली होती, परीक्षा तोंडावर आली होती.

संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हाला चहा पाजला. "विचार करू, पोरांनो. तुम्ही माझीच लेकरं." बस, एवढंच. जीएस बाहेर आला तो लग्न जमल्यासारखा.

"साहेबांचा सत्कार करू या!"

"कशाबद्दल रे?"

"अगं, विचार करतो म्हणाले ना!"

"विचार आमची म्हैसपण दिवसभर करते. तिला घालतोस का शाल?"

"तुझी ना, भाजीबाजाराची भाषा जाणार नाही."

"भाजीबाजारात माल हातात पडल्याशिवाय कुणी पैसे सोडत नाही. हार तर लांबच राहिला."

बाकीचे हसले, पण वर्गणी दिली त्यांनी. माझ्या मैत्रिणीनेही दिली. शिकलेल्या पोरांची ही अक्कल! मागायला जायचं, आणि देणाऱ्याने मूठ उघडायच्या आधीच त्याच्या गळ्यात हार घालायचा. आमच्या बाजारात असलं गिऱ्हाईक सापडलं तर व्यापारी त्याला रोज घरून बोलावून आणतील.

सभागृह भरलं. शाल, नारळ, पेढे सगळं झालं. जीएसने मानपत्र वाचलं : "फीचा प्रश्न सहृदयतेने सोडवल्याबद्दल." 'सोडवल्याबद्दल' ऐकून मी उठून ओरडले, "कधी सोडवला?" दोन सरांनी मला खाली बसवलं. साहेब स्टेजवरून माझ्याकडे बघून मायेने हसले. धंद्यातला माणूस होता तो, फुकटात काय पदरात पडलं ते त्याला बरोबर कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसने मैत्रिणीचं हॉल तिकीट अडवलं. मी तिला घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसले.

"बाळ, प्रश्न सुटला म्हणून तुम्हीच शाल घातलीत ना? आता कसला प्रश्न?"

भाव कसा पाडायचा हे मला कळतं. पण सौदा झाला म्हणून आपल्याच माणसाने गावभर सांगितलं, तर पुढे बोलायचं काय? माझ्याकडे होते तेवढे पैसे काढले, ते पुरले नाहीत. मैत्रीण रडलीसुद्धा नाही. "माले माहीत व्हतं," एवढंच म्हणाली आणि बॅग भरून गावी गेली. आज ती एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. वर्ष गेलं, मग शिक्षणच गेलं.

आणि जीएस? आता त्याचे चौकाचौकात फ्लेक्स लागतात. हात जोडलेला फोटो, खाली 'फीवाढीविरुद्ध लढलेला आपला माणूस'. परवा माझ्या भाजीच्या दुकानावर मत मागायला आला. "ताई, ओळखलंत ना?" अहोजाहो करत होता. मी गिऱ्हाइकांसमोरच त्याला झाडला :

मत माझ्याकडे मागू नकोस. नाशिकहून सटाण्याला एसटी जाते, तिच्यात बस. त्या खळ्यावर, तिच्यासमोर उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, तू कोणाचा कोणता प्रश्न सोडवला होतास?